तात्यांना ओरडून सांगितलेली गाणी

तात्या,

काल तुमच्या नातीला मी तुमच्याबद्दल खोटं सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही तेवढे तिला माहीत. आता ती दहावीला आहे. तिच्या खोलीचं दार बंद असतं आणि आतून चार-पाच पोरं एकदम किंचाळल्याचा आवाज येत असतो. कुठल्याशा लांबच्या देशातला बँड आहे. त्यांचा कार्यक्रम पुण्यात होणार आहे, आणि गेले पंधरा दिवस सूसच्या आमच्या या फ्लॅटमध्ये त्यावरून रोज वाद चाललाय. तिचे बाबा म्हणतात, दहावीच्या वर्षी असलं काही नको. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. काल संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुझाही एक बँड होता ना? आजी सांगत होती. आजोबांना आवडायचा का तो?" मी लाटणं न थांबवता म्हटलं, "हो, आवडायचा की." तिचा चेहरा असा फुलला की खरं सांगायचं राहूनच गेलं. "बघ! आजोबा किती कूल होते!" असं म्हणत ती ते बाबांना ऐकवायला बाहेर पळाली. तुम्हाला आयुष्यात कुणी कूल म्हटलं नसेल. मला हसूही आलं, आणि मग पोळी करपली.

मी तेव्हा अकरावीला होते. पिरंगुटहून बस धरून पुण्याला कॉलेजला जायचे. वर्गातल्या मैत्रिणीनं एक कॅसेट दिली आणि सोबत मासिकातलं मधलं पान, त्या बँडच्या चौघांचा फोटो असलेलं. केस पाठीवर सोडलेले, दंडावर गोंदलेलं, एकाच्या डोळ्यांत काजळ. ते पान मी बाहेरच्या खोलीत कॅलेंडरशेजारी चिकटवलं. आई भाकरी थापायची सोडून, पिठाच्या हातांनी बघायला आली. "ह्या बाया हायेत का बापे?" मी म्हटलं, "बापे." "मंग काजळ कशापायी?" गाणं लागलं की ती म्हणायची, "ह्याच्या पोटात दुखतंय का गं? ओव्याचं पाणी तरी द्या म्हणावं कुणीतरी." पण ती हसून म्हणायची, आणि दोन दिवसांनी ते चौघं आमच्या भिंतीला तसे शोभूही लागले.

तुम्ही मात्र काहीच म्हणत नव्हता. कंपनीतली पहिली पाळी संपवून दुपारी घरी यायचा, हातापायांचं ग्रीस घासून काढायचा आणि टेपपासून हातभर अंतरावर बसून चहा प्यायचा. मी आवाज पार शेवटापर्यंत नेलेला असायचा. शेजारची माणसं खिडक्या लावून घ्यायची, आणि तुमच्या चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही. मला वाटायचं, आपला बाप किती मोठ्या मनाचा आहे. कॉलेजात मी मिरवायचेसुद्धा, की आमच्या तात्यांना चालतं. तुम्हाला दोनदा हाक मारावी लागायची, तुम्ही बोलायचा मोठ्यानं. पण प्रेस शॉपमध्ये काम करणारी आपल्या गावातली सगळीच माणसं मोठ्यानं बोलायची. दिवसभर पत्र्यावर प्रेस आपटत असते, तिथं हळू बोलून कुणाला काय ऐकू जाणार? त्यात मला कधी काही वेगळं दिसलं नाही.

मग तुमचे थोरले भाऊ लग्नाची पत्रिका द्यायला आले, तो दिवस. मी टेप बंद केला, पाणी आणून दिलं. त्यांनी पाणी घेतलं आणि भिंतीकडं बघत राहिले. "ही काय भुतं लावल्यात रं भिंतीवर? वयात आलेली पोर हाय घरात. ह्यो दंगा पार रस्त्यापत्तुर येतोय. लोक मला इचारत्यात." तुम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत होता. त्यांना वाटलं तुम्ही मनावरच घेत नाही, म्हणून ते खेकसले, "लोक म्हंत्यात, बापाचा धाक न्हाई!" हे तुम्हाला ऐकू गेलं. तुम्ही उठलात, ते पान ओढून काढलंत आणि त्याचे चार तुकडे केलेत. "उद्यापासनं टेप बंद. जास्ती बोलशील तर कालेज बी बंद." तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवलेला नव्हता, आणि चढवलात तो दुसऱ्याच्या शब्दावरून, याचा मला इतका राग आला की मी पाण्याचा तांब्या तिथंच आपटला. "तुमाला ऐकू तरी येतं का तात्या? रोज हितंच बसताय, कधी कळलं का काय लागलंय त्ये? बहिऱ्याला काय कळायचं गाण्यातलं!"

मला खरंच माहीत नव्हतं. रागात माणूस हाताला लागेल ते फेकतो, तसा तो शब्द मी फेकला होता. पण तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग आईकडं, की हिला तू सांगितलंस का. आईनं नाही म्हणून मान हलवली. थोरले भाऊ पुढं वाकले. "व्हय रं? ऐकू येत न्हाई तुला?" "कामावर आवाज असतोय, म्हणून जरा," एवढं म्हणून तुम्ही पायांत चपला घातल्या आणि खाचराच्या बाजूला निघून गेलात. पत्रिका तशीच चटईवर पडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं आईनं मला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, भाकरी शेकता शेकता बोलत होती. "डावा कान पार गेलाय. उजव्यानं थोडं येतं. दोन वर्सं झाली. कंपनीत कुणाला म्हाईत न्हाई. म्हाईत झालं तर मशीनवरनं काढत्याल, म्हणून मला बी बोलू दिलं न्हाई. आन तू भरल्या घरात बोललीस." मी भाकरी न खाताच बस धरायला गेले.

थोरल्या भावांचा मुलगा तुमच्याच कंपनीत होता. कुणी मुद्दाम काही केलं असेल असं मला आजही वाटत नाही. जेवताना विषय निघाला असेल, तो शॉपमध्ये कुणाजवळ सहज बोलला असेल. तीन आठवड्यांत तुम्हाला कान तपासायला पाठवलं, आणि पुढच्या महिन्यात प्रेसवरून उतरवून गेटवर बसवलं. प्रेसचा डाय, म्हणजे साचा, तडकायच्या आधी तुम्हाला ते तळपायातून कळतं, असं तुमच्याबद्दल गावात सांगायचे. तो माणूस गेटवरच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडं बघत राहायचा. माझी बस कंपनीवरून जायची. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायला लागले. घरी तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. टेप मी आपणहून पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता.

त्यानंतर एका रविवारी तुम्ही तो टेप स्वतः खाली काढलात. फडक्यानं पुसलात, ओसरीवर आणून ठेवलात आणि मला हाक मारलीत. तुमच्या हातात दोरीला अडकवलेली दोन पिवळी रबरी बुचं होती. "घाल." मी विचारलं, हे काय हाय? "कानाची बुचं. कंपनी द्येते. आमी कुणीच घातली न्हाईत. घातली की बाकीचे हसायचे, बाईमाणूस हायेस का म्हणून. तू घाल, आन मंग लाव तुजं गाणं." मी म्हटलं, "बुचं घातल्यावर गाणं कसं ऐकू येणार तात्या?" याचा तुम्ही विचार केला नव्हता. जरा वेळ बुचांकडं बघितलंत. "मंग आवाज कमी कर," म्हणालात. तोवर आईनं, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी मला हे सांगितलं होतं. तुम्ही पहिल्यांदाच सांगत होता. मी आवाज कमी केला. तुम्ही उजवा कान माझ्याकडं करून बसलात आणि म्हणालात, "आता सांग, काय म्हणत्यात त्ये."

माझं इंग्रजी तेव्हा अर्धंमुर्धं. निम्मे शब्द मलाच कळत नव्हते. एक पोरगा घर सोडून निघतो, मला शोधू नका म्हणतो, असं ते गाणं होतं. मी तुमच्या कानाशी ओरडले, "पोरगा! घर सोडून! चाललाय!" शेजारच्या काकू पदर खोचत पळत आल्या, "कुणाचा गं? कुणाचा पोरगा?" मागोमाग आणखी दोघं आली. त्यांना समजावून परत धाडेपर्यंत गाणं संपलं, पुन्हा मागं घ्यावं लागलं. तुम्ही मात्र गंभीर होता. "कशानं चाललाय?" गाडीनं. "काम काय करतो?" त्ये न्हाई सांगितलं. "आई हाय का त्याला?" आईचं गाण्यात काय न्हाई. "मंग आर्धंच हाय गाणं." थोड्या वेळानं म्हणालात, "आन वरडतोय कशाला एवढा?" राग आलाय त्याला. "कुणाचा?" बापाचा, म्हटलं. तुम्ही बशीतला चहा संपवलात, बशी कपावर पालथी घातलीत. "वरडू दे. पोटात ठिवण्यापरीस बरं."

तेव्हापासून दर रविवारी हे सुरू झालं. एक गाणं सांगायचं, तुम्ही त्यातल्या माणसांची चौकशी करायची, आणि त्यावरून तुमचं काहीतरी निघायचं. प्रेसवरचा पहिला दिवस. शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं बोट गेलं तो दिवस. ऐकू येत नाही हे पहिल्यांदा कधी कळलं, तेही तुम्ही असंच सांगितलंत: सकाळी गोठ्यात गेलात, गाईनं तोंड वर करून हंबरल्यासारखं केलं आणि आवाजच आला नाही. तुम्हाला वाटलं गाईलाच काहीतरी झालंय. तिच्या गळ्यावरून हात फिरवत बसलात. हे तुम्ही आईलाही कधी सांगितलं नव्हतं. एकदा मी हिंमत करून विचारलं, गेटवर कसं वाटतं? "बसून पाय आखडत्यात," म्हणालात. "पर उजवा कान तरी वाचला." आणि एकदा विचारलं, तात्या, आवडतात का हो गाणी? तुम्ही लगेच म्हणालात, "न्हाई बा. पर माणसं खोटी न्हाईत."

हे सगळं मी आज सकाळी तुमच्या नातीला सांगितलं. तिला शाळेत सोडायला निघाले होते. सूसच्या रस्त्यावर नेहमीची गर्दी होती, गाडी जागची हलत नव्हती, म्हणून सांगून झालं. आजोबांना आवडायचा नाही, हे ऐकून ती खट्टू झाली. मग बाकीचं तिनं सगळं ऐकून घेतलं. शाळेच्या फाटकापाशी म्हणाली, "मग तू सॉरी म्हणालीस त्यांना?" मी म्हटलं, नाही, आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. "पद्धत कसली त्यात?" असं म्हणून ती उतरली. संध्याकाळी ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, काल मी आजोबांचं सांगितलं ते चुकीचं होतं, त्यांना आवडायचा नाही, ते फक्त ऐकायचे. असं सांगून आपलाच मुद्दा आपण घालवतोय हे तिला कळत होतं. तिच्या बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बघू." आमच्याकडं "बघू" म्हणजे निम्मं हो असतं. मी तिच्या खोलीत जाऊन विचारलं, काय गं म्हणतात ते, सांग की मला. तिनं फोन माझ्यापुढं धरला. "खाली सगळं लिहून येतं आई, अर्थासकट." खरंच येत होतं. मी उभ्याउभ्या एक गाणं वाचून काढलं. वाईट नव्हतं. तिला मला काही सांगावंच लागलं नाही, आणि मी स्वयंपाकघरात परत आले.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर एवढं आणखी लिहिते. बारावी होईपर्यंत माझं त्या बँडचं वेड ओसरलं होतं. मैत्रिणी दुसरंच काही ऐकायला लागल्या, मीही लागले. पण रविवारी तुम्ही ओसरीवर बसून विचारायचा, "काय म्हणत्यात आज तुजी माणसं?" आणि मी तीच कॅसेट लावायचे. त्यावर गाणी होती दहा. ती कधीच सांगून संपली होती. मग मी मनानंच सांगायला लागले. तुम्हाला काय, गाणं कुठलं चाललंय ते कळत नव्हतं. असंच एकदा मी एका मुलीचं गाणं सांगितलं. ती रागाच्या भरात बापाला नको ते बोलते, चारचौघांत, आणि मग तिला ते काही केल्या परत घेता येत नाही. तुम्ही खाचराकडं तोंड वळवलंत. मग विचारलंत, "मंग बाप काय म्हनाला?" मी म्हटलं, त्ये गाण्यात न्हाई. तुम्ही म्हणालात, "म्हनायचं काय त्यात? पोरच हाय."

ते गाणं त्या कॅसेटवर नव्हतं, तात्या.