काठी हलते म्हणे

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

काठी परत मिळाली. पोस्टमन ती आडवी धरून दारात उभा होता, कुणाच्या घरचा पडद्याचा दांडा चुकून माझ्याकडे आणल्यासारखा. सोबत तुझी चिठ्ठी. चिठ्ठीत काय, तर काठी हलते, टोक थरथरतं, दोरी पाण्यावर सरळ पडत नाही, काठीत काहीतरी खोट आहे, सबब यंदा नदीवर येणं जमेलसं वाटत नाही. वा रे वा!

खोट? माझ्या काठीत? होड्यांच्या कारखान्यात फायबरग्लासचं कापड अंथरून रेझिन चोपडण्यात हाडं झिजवली मी. माझ्या हातची होडी कधी बुडाली नाही आणि माझ्या हातची मासे धरायची काठी कधी हलली नाही. ही तर मी घरात, जेवायच्या टेबलावर, सळईवर कापड गुंडाळून केली. तुझ्यासाठी आठवडाभर उभ्याने जेवले.

तरी म्हटलं बघू. टोक जमिनीला टेकवून काठी तळहाताखाली फिरवली. गुंडाळलेल्या कापडाची नळी म्हटली की तिला एक हट्टी बाजू असतेच. दाबलं की ती वळून तिथेच जाऊन बसते. ती बाजू धरूनच मी दोरी ओवायच्या कड्या बांधते. सगळ्या कड्या एका रेषेत. धागा सुटलेला नाही, वॉर्निशला तडा नाही, जोड घट्ट. मग गच्चीवर जाऊन दोरी फेकली. वाळत घातलेल्या दोन चादरींच्या मधून गेली आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर जाऊन पडली, जिथे पाडायची होती तिथेच. खालच्या शिंपीणबाई म्हणाल्या, टाकीत मासे कधीपासून? त्यांनाही दोन शब्द ऐकवले.

काठी उलट टपाली पाठवते आहे. नदीचं पाणी उतरलं की आपण जातो ते आई होती तेव्हापासून. पहिल्या दिवशी काठावर बसून तू माझे केस कापतोस आणि मग आपण पाण्यात उतरतो. दुसऱ्या कुणाच्या कात्रीखाली मी मान देत नाही हे तुला माहीत आहे. सध्या डोक्यावर झाडू उगवलाय. त्याची तरी लाज बाळग.

लोभ आहेच, पण तूर्त रागाखाली दबलाय.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सलूनमध्ये वाचलं. गिऱ्हाईक विचारत होतं, कोर्टाची नोटीस आलीय का? म्हटलं, कोर्टाची असती तर बरं झालं असतं, तिथे आपली बाजू तरी ऐकतात.

इकडे सर्व ठीक. हल्ली दाढ्या बंद केल्यात. कोण करून घेतं आता बाहेर? आरशापुढचे दिवे बदलले, उजेड कमी पडतो. तुझ्या भावजयीचे गुडघे बरे आहेत.

काठीचं म्हणशील तर तुझा अपमान करायचा नाही, पण मागच्या मैदानात पुन्हा फेकून पाहिली. हलते ती हलतेच. माशाला भुलवायची पिसांची खोटी माशी दोरीच्या टोकाला बांधली तर ती पाण्यावर अलगद बसायला हवी की नको? ही कुणीतरी चप्पल फेकून मारल्यासारखी पडते. शिवाय मूठही हातात नीट बसत नाही. तू एकटी जाऊन ये यंदा. नाहीतर शिंपीणबाईंना ने.

रागावू नकोस असं लिहिण्यात अर्थ नाही, तेव्हा रागाव, पण तब्येत सांभाळून.

तुझा बारक्या


२२ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद. वि. वि.

शिंपीणबाईंना नेऊ? त्या माशाला बघून किंचाळतील आणि मासा त्यांना बघून.

आता मूठही बसत नाही का? आधी टोक, मग मूठ. पुढच्या पत्रात म्हणशील नदीच वाकडी आहे. त्या मुठीच्या बुचाच्या चकत्या मी एकेक चिकटवल्या आणि तुझ्या हाताच्या मापाने घासल्या. माप म्हणजे तोच जुना गोळा, खिडकीच्या काचांना लावायच्या पुटीचा, तू काठी धरावी तसा मुठीत दाबलेला. माझ्या कपाटात आहे अजून. बोटं सुजली असतील तुझी. नवा गोळा दाबून पाठव, नवी मूठ करते. मग मात्र एक सबब ऐकणार नाही.

आणि दाढ्या बंद म्हणजे काय? सलूनमध्ये दाढ्या बंद? आमची पाणपट्टी भरायची खिडकीसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त काम करते.

तुझी ताई, जी आता खरंच तापलीय


९ मार्च

चि. सौ. भावजयीस ताईचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुला एकटीला आहे. बारक्याच्या हाती लागू देऊ नकोस.

पुटीचा गोळा मिळाला. मला काय दूधखुळी समजता तुम्ही दोघं? बोटं बारीक, तळवा लहान, आणि एका बोटावर अंगठीची खाच. बारक्या अंगठी कधीपासून घालायला लागला? त्याच्या करंगळीला कात्रीमुळे बाक आहे, ती कधी पूर्ण मिटत नाही. या गोळ्यात सगळी बोटं शहाण्यासारखी मिटलीत. हा तुझा हात आहे.

नवराबायको मिळून मला फसवायला निघालात, तेही पुटीत! मला इतका राग आलाय की रेझिन कालवताना आज ते घट्ट करायचं औषध थोडं जास्त पडलं आणि डब्यातच धूर निघाला. काय चाललंय ते सरळ सांग. नाहीतर पुढच्या गाडीने मी तिथे येते आणि सलूनच्या खुर्चीत बसून विचारते.

ताई


१६ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

कृपा करून येऊ नका. सांगते.

गोळा मीच दाबला. आधी त्यांनीच दाबला होता. बोटांचे ठसे सगळे फराटलेले निघाले, ओल्या भिंतीला कुणी चोळून गेल्यासारखे. पुन्हा मळून दाबला, पुन्हा तेच. मग उचलून कचऱ्यात फेकला आणि मला म्हणाले, तू दाब, तिला कुठे कळतंय. मी तेव्हाच म्हटलं होतं, वन्संना कळणार. पण ऐकतात का?

गेल्या उन्हाळ्यापासून उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आवरेल, पण पूर्ण जायचं नाही. वस्तरा त्यांनी स्वतःच कपाटात ठेवून दिला. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानाला कात्री लागली, फार नाही, पण रक्त आलं. तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगतात की उजेड कमी आहे. दिवे किती वेळा बदलले म्हणून सांगू! आता खुर्चीत बसलं की डोळे दिपतात. मला सांगतात कुणाला बोलू नको, आणि स्वतः रात्रभर कूस बदलतात. मलाही राग येतो, वन्सं. मला तरी कशाला उजेडाची थाप?

काठीला नावं ठेवली त्याबद्दल मी माफी मागते. काठीसाठी नाही ते. नदीवर गेलं की तुमचे केस कापायचे असतात. एकदाच बोलले, ताईला कळलं तर ती माझ्या हाती मान देणार नाही. एवढंच. पुन्हा विषय नाही.

त्यांनी फेकलेला गोळा मी कचऱ्यातून काढून ठेवला होता. सोबत पाठवते. मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका, तुमच्या पायाशी मागणं आहे.

तुमची भावजय


२ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद. वि. वि.

तुझंच खरं होतं. काठीत खोट होती. हे मी एकदाच लिहिते आहे, कुणाला दाखवायचं नाही, भिंतीवर लावायचं नाही.

झालं असं की ती काठी फारच चटपटीत झाली होती. मुठीत जरा काही हललं की थेट टोकाला जाऊन सांगायची, चहाडखोर नणंदेसारखी. माझ्याच हातून कापड कमी गुंडाळलं गेलं असेल. नवी केलीय, या टपालाने येईल. ही सुस्त आहे. टोकापासून मुठीपर्यंत सगळी वाकते, सावकाश, आणि बारीकसारीक हालचाल वाटेतच जिरून जाते. घाई केलीस तर दोरी तुझ्याच मानेत पडेल, तेव्हा मागे फेकलीस की थांब, दोरी मागे पुरती उलगडेपर्यंत थांब, मग पुढे. तुला थांबायला सांगायचं म्हणजे माझंच डोकं दुखतं.

मूठ जाड केलीय. तिच्याखाली आणखी एक छोटी मूठ दिलीय, तिथे डावा हात धरायचा. आता दोन हातांनीच धरतात सगळे. तशी पद्धत आहे. विचारू नकोस कुणाला.

एवढं करूनही नदी चुकवलीस तर माझ्यासारखी वाईट बाई नाही.

पाणी उतरायला लागलंय. कळव.

तुझी ताई


१३ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

जन्मात कधी तू चूक कबूल केली नाहीस. आईच्या कपाटाचं दार उलटं बसवलंस तेव्हाही म्हणालीस, कपाटच उलटं आहे. त्यामुळे तुझं पत्र पहिल्या ओळीपर्यंत वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेलो. तुझ्या भावजयीला विचारलं, ताईला काय लिहिलंस? ती भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, सगळं. गोळासुद्धा पाठवला.

त्यानंतर तिच्याशी बोललो नाही. तुझ्याशीही बोलणार नव्हतो. मला कुणाची दया नको, आणि तुझी तर मुळीच नको. तुझ्या शिव्या चालतात. तू गोड लिहिलंस तेव्हाच मी घाबरलो, म्हटलं आता आपलं काही खरं नाही.

नवी काठी आली तशी कोपऱ्यात बांधलेलीच होती. काल सोडली. मूठ हातात घेतली तर करंगळीसकट बसली. मैदानावर गेलो. दोरी सरळ नाही पडली, पण जिथे बघत होतो तिथे पडली. पुन्हा फेकली. अंधार होईपर्यंत फेकत होतो आणि तोंडाने तुला शिव्या देत होतो.

येईन मी. पण केसांचं काढायचं नाही. कात्री आणणार नाही. ते तू दुसरीकडे बघ.

तुझा बारक्या


१९ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद. वि. वि.

दया? कापड, रेझिन, बूच, धागा आणि माझी कंबर, एवढं सगळं कुणी दयेपोटी घालवतं का? जुन्या काठीत तिळाएवढी खोट नव्हती, आत्ता सांगते, आणि तू तिला नावं ठेवलीस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्यापासून लपवलंस तेही नाही. भावजयीशी आजच्या आज बोल. तिने गोळा कचऱ्यातून काढला नसता तर तू अजून दिवेच बदलत बसला असतास.

कात्री आणायची. नदीवर मी दगडावर बसणार, पाठ तुझ्याकडे आणि तोंड पाण्याकडे, नेहमीसारखी. डावा हात माझ्या डोक्यावर टेकव आणि उजव्याला वेळ दे, काठीला देतोस तसा. वाकडे कापलेस तर तिथे बघायला कोण आहे, मासे? आणि कानाला लागलं तर तुला शिव्या देईन. त्या तर तुला न लागताही मिळतातच.

सकाळची गाडी पकड. मी स्टेशनवर येणार नाही, मला कामं आहेत.

ताई

ता. क. येते आहे स्टेशनवर. उशीर करू नकोस.