पोत्यावर बसलेली आई

आई,

काल सोनाळ्याकडं गेले होते. सातपुडा निळसर धुक्यात अर्धा विरघळलेला, कपाशीच्या ओळी जीपच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू मागं सरकत होत्या, आणि मला वाटत राहिलं की या वाटेनं मी तुझ्याकडंच चालले आहे. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात निरीक्षक आहे, हे तुला ठाऊकच नाही. रेशनचं धान्य मधल्यामध्ये चोरीला जाऊ नये म्हणून सरकारनं पैसा दिला, त्यातून दुकानांत नवी यंत्रं आली. अंगठा जुळला नाही तर डोळ्यावरून माणूस ओळखतात. ती नीट चालतात का, ते बघायला मी गावोगाव फिरते.

एका दुकानाच्या ओट्यावर म्हातारी बसली होती. जन्मभर शेतात निंदण करून अंगठ्याच्या रेषा पुसलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू. यंत्रानं दोन्ही नाकारले. "मागच्या महिन्यातबी अशीच वापस गेली," दुकानदार म्हणाला. "मी काय करू मॅडम? अंगठ्याबिगर देल्लं तं मलेच चोर म्हणतीन." म्हातारी माझ्याकडं बघत होती की माझ्यामागच्या उजेडाकडं, कळेना. "बाई, मी मीच हावो," ती म्हणाली. "अजून कसं सांगू?"

आणि मला तू दिसलीस. तुझा पदर धरून मी आपल्या गावच्या रेशन दुकानासमोर उभी आहे. दुकानदार "माल संपला" म्हणतो, आणि मागच्या दारानं गव्हाची पोती टेम्पोत चढत आहेत. कधी कुणाशी मोठ्यानं न बोललेली तू सरळ मागं जातेस आणि एका पोत्यावर बसतेस. "उठा बाई, हा माल दुसऱ्याचा हाय." "कोणाचा? नाव सांग, मंग उठतो." मग एकेक बाई येऊन पोत्यांवर बसत जाते. गव्हाची धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगते. शेवटी टेम्पो रिकामा गेला. घरी येताना मी विचारलं, "तुले भेव नाही लागलं?" तू म्हणालीस, "लागलं ना. पाय लटलट कापत होते, म्हणून तं बसली."

अंगठा जुळत नसेल तर ओळख पटवून धान्य देता येतं. नियम आहे, दुकानदारालाही माहीत होता. त्याला फक्त चौकशीची धास्ती होती. मी शेजारच्या दोघींना बोलावून ओळख पटवली, नोंदवहीत तसं लिहिलं आणि खाली माझी सही केली. "उद्या काही झालं तं?" दुकानदारानं विचारलं. "तर मला विचारतील," मी म्हणाले आणि नोंदवही त्याच्याकडं सरकवली. त्यानं गहू-तांदूळ मापून दिले. पायरी उतरताना मी तिचा हात धरला आणि तोंडातून निघून गेलं, "हळू, आई." ती सहज म्हणाली, "हाव माय."

हे कुठं पाठवू? घडी करून तुझ्या लुगड्यात ठेवते. एक सांगायचं राहिलं. तुझा आवाज मला कधीचाच आठवत नाही. वर तुझं बोलणं लिहिलं ना, ते मी त्या म्हातारीच्या आवाजात ऐकलं.