अकरा हात, अकरा सा

शनि. १५ नोव्हें.
हातानं केलेलं आजवर: बासऱ्या अकरा, प्रत्येक पोराच्या बोटांचं माप घेऊन. पिशव्या अकरा, चादरीच्या उरल्या तुकड्यांच्या. भोकं डागायच्या सळ्या तीन. बोटं मापायची लाकडी पट्टी. शिकवलं कुणी नाही. पंखे-मोटारींचं वायंडिंग भरायचं दुकान सांभाळून शिकलो. वाया घालवलेला बांबू पोतंभर.
तिसरीतल्या मेघनाला आज तिची दिली. सगळ्यात लहान हात. आधी वाजवून बघितली, सा ते सा चोख. "मामा, बोट पोचतंय की!" केवढ्यानं ओरडली.
शाळेतला शनिवारचा हा एक तास. बाकी आठवडा दुकान आणि डबा.

शनि. २२
मोठ्या बाईंनी बोलावलं. स्नेहसंमेलनात आमचं गाणं धरलंय. "दत्ताभाऊ, अकराही जण एकदम वाजवू देत. पालकांना तेच दिसतं. चांगलं झालं तर पुढच्या वर्षी तुमचा तास पक्का." नाही झालं तर काय, ते बोलल्या नाहीत.
मी एकेकाला जवळ बसवून शिकवतो. सगळ्यांकडून एकदम कधी वाजवून घेतलंच नाही. पुढल्या शनिवारी.

शनि. २९
वाजवलं. कुत्री रडतात तसं.
प्रत्येक बासरी आपल्यापुरती सुरात. पण लहान हाताला बांबू आखूड, आणि आखूड बांबूचा सा वर. अकरा हात, अकरा सा. माहीत होतं की मला. एकत्र करून बघितलं नव्हतं, एवढंच.
पोरं हसून लोळली. अल्ताफ, चौथीतला पण हातानं चिमणा, म्हणाला, "मामा, ये बजाए तो नवरदेव भाग जाएंगा!" मीही हसलो, जरा उशिरा. बाई दारात होत्या. त्या हसल्या नाहीत.
सुटल्यावर अल्ताफ आणि मेघना जिन्यात जोडीनं वाजवत बसलेली. "मामा, इसका मेरा एकीच लगरा!" खरंच एक. हात सारखे, म्हणून. दोघं एकमेकांकडे बघत वाजवत होती. मी चपला घालून थांबलो होतो थोडा वेळ.

मंगळ. २ डिसें.
दुकान लवकर बंद. त्या दोघांच्या सुराची एक माझ्यासाठी केली. तिघं झालो असतो. पण भोकं इतकी जवळ की माझी बोटं एकमेकांवर चढतात. नुसती फुंकली. एकच सूर निघतो. तो मात्र अगदी बरोबर.
खिळ्याला टांगली.

बुध. १०
बाईंनी एका कंपनीचा माणूस आणला. शाळांना छंदवर्ग पुरवतात म्हणे. प्लास्टिकच्या बासऱ्या, सगळ्या एका मापाच्या. पोरांना दिल्या. आठ जणांना जमलं, सूरही जुळला. तो खोटा नव्हता, तेवढं लिहायला हवं. अल्ताफची बोटं ताणून ताणून पांढरी झाली. मेघनाचं बोट शेवटच्या भोकापर्यंत जातच नाही. आणखी एक मुलगी रुसून बसली, तिचीही तीच गत.
माणूस म्हणाला, "लहान मुलं वगळा ना सर. टाळ्या वाजवायला उभी करा."
बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दत्ताभाऊ, हट्ट सोडा. माझ्याही हातात फार नाही."
दोन दिवस मागून घेतले.

शनि. १३
बाईंना सांगितलं: गाणं एकच, ओळ एकेकाची. एक थांबला की दुसरा, आपापल्या सुरात. फक्त शेवटची ओळ अल्ताफ-मेघना मिळून. बाई म्हणाल्या, "बघते." कंपनीचा माणूस शेजारीच बसलेला, घड्याळ बघत.
फाटकात मेघना. "मामा, पुढच्या शनिवारी तास हाय न्हवं?"
"बासरी घेऊन ये," म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
कंपनीचं म्हणणं होतं, मघाशी आतच: शिकवायचं मी, शाळा तीन, बासऱ्या त्यांच्या, पोरं मोठ्या हाताची, मला महिना नऊ हजार. नको म्हणालो.
नऊ हजार.