युरेसिल : अर्थ आणि वापर

४ मे
सुट्टीचा अभ्यास मिळाला. प्रत्येकाला एक संज्ञा — अर्थ मराठीत, आणि वापर. सर म्हणाले, ‘घरच्या माणसाला समजेल असा वापर लिहा. पुस्तकातला उतरवाल तर फाडून टाकीन.’ वर्गातल्या निशातला ग्लुकोज मिळालं, नशीबवान! मला युरेसिल.

अर्थ : आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक. डीएनएत जिथं थायमिन, तिथं आरएनएत युरेसिल. खूण — यू.
वापर : डोंबल!

५ मे
चामोर्शीच्या वसतिगृहातून घरी. करिश्मा पार वाळली आहे. माझ्या भावाची, विनोददादाची ही धाकटी मुलगी, सहा वर्षांची. हाडं दुखतात म्हणून दिवसभर किंचाळते. थोरली गेल्या वर्षी याच दुखण्यात गेली. करिश्माचं दवाखान्याचं कार्ड कौलात खोचलेलं सापडलं — सिकलसेल, रक्ताचा आजार. कोणी वाचलंच नाही!

७ मे
लिहवत नाही. तरी लिहिते.

सुकरी आत्याला मारलं. बाबांची बहीण ही, एकटी राहते. आई गेल्यावर दादाला आणि मला तिनंच वाढवलं. करिश्माला मोहाचा लाडू दिला, एवढाच तिचा गुन्हा. शेजारचा लटारू ओरडत आला, ‘हेच जादू करते! हिनंच खाल्ली थोरली!’ समाजमंदिराच्या खांबाला बांधलं तिला. तेंदूच्या ओल्या फोकांनी मारलं. दोन दात पडले. आणि मारणाऱ्यांत दादा होता!

चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावले आणि लटारूच्या हातावर घातलं. कातडी जळल्याचा वास आला. वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही. दादानं केस धरून मला घरापर्यंत ओढत आणलं. ‘तुले काय समजते वो? पोरगी माही मरून राह्यली!’

पोलीस पाटलानं कसंबसं थांबवलं. रविवारी सभा. तोवर आत्या तिच्याच घरात कोंडलेली, बाहेरून कडी.

८ मे
खिडकीतून आत्याला पेज दिली. चावता येत नाही. ‘करिश्मा जेवली का वो?’ — हे विचारते!

९ मे
वापर सापडला. रक्त बनवायच्या निरोपात, म्हणजे आरएनएत, एका ठिकाणी ए हे अक्षर हवं, तिथं यू बसलाय. युरेसिल! एवढ्यानं गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, नसांत अडकते आणि लेकराची हाडं फोडते. आत्या नाही, लाडू नाही. एक अक्षर. उद्या सगळ्यांच्या तोंडावर मारते.

१० मे, रविवार
जिंकले!

युरेसिल म्हटलं असतं तर हसले असते. सूप घेतलं, त्यात धानाचे दाणे — पांढरे आणि काळे. म्हटलं, लेकराला दोन दाणे मिळतात. एक आईचा, एक बापाचा. दोन्ही काळे आले तरच हे दुखणं. एकच काळा असला तर माणूस धडधाकट राहतो, कळतही नाही. करिश्माला दोन काळे आलेत. एक वहिनीचा, एक दादाचा. तिसऱ्या कोणाचा येऊच शकत नाही! गावाकडून तीनदा वदवून घेतलं — एक मायचा, एक बापाचा. लटारूनंही म्हटलं, हाताला फडकं बांधून. आत्याला सोडलं.

घरी आल्या आल्या दादानं वहिनीच्या तोंडात मारली. ‘तुह्या मायच्या घरून आणलं हे!’ मी मध्ये पडले. म्हटलं, तुझ्याकडूनही आलंय, तपासून घे! त्यानं कुऱ्हाडीवर हात ठेवला. ‘काढा माह्यं रक्त. माह्यात नाई निंगालं, तर हिले इथीच तोडतो.’

मी हसले. असणारच! दोन अधिक दोन चार असतात तसं.

१३ मे
दोघांचं रक्त चामोर्शीला दिलं. बसमध्ये वहिनी हळूच म्हणाली, ‘बाई, राहू द्या ना वो. नका तपासू.’ मी म्हटलं, सुईला काय भ्यायचं?

१७ मे
करिश्मा आज अंगणात चालली. दादा आत्याकडे जात नाही अजून. लाज वाटते मेल्याला. वाटू दे.

२० मे
रिपोर्ट मीच आणला. वहिनीत आहे. दादात नाही.

तीनदा वाचला. नळी बदलली असेल. असेलही. पण दादा ते ऐकायला थांबणार नाही, आणि दाण्यांचा हिशोब सगळ्या गावाला पाठ आहे. मीच शिकवलाय.

तो दारातच उभा होता. ‘काय आलं वो?’

‘तुझ्यातही आहे दादा,’ म्हटलं, आणि कागद चुलीत घातला. तो खाली बसून रडला. वहिनीनं मला पाणी आणून दिलं. ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे.