दोष स्क्रीनचाच आहे

४ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. थोडं लिहायचं, पण खरं लिहायचं.
वाचनालयाचं काम आम्हाला मिळालं. दर्शनी हॉलमध्ये भिंतभर टचस्क्रीन. तिच्यावर शहराचा जुना नकाशा. कुठल्याही घरावर बोट ठेवायचं की घर उघडतं आणि आतली माणसं बोलायला लागतात. कल्पना माझी. मॅडम म्हणाल्या, कल्पना छान आहे, आता ती चालायलाही हवी. कंपनी त्यांची आहे, त्यामुळे काळजी वाटणारच. चालेल. न चालायला काय झालं?

६ जून
टेस्टिंगसाठी वयस्कर माणसं हवीत. एकदम बाबा आठवले. आठवायला ते काही लांब नाहीत, आमच्याच घरी असतात. आई गेल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून आमच्याकडे आले. दिवसभर गॅलरीत बसून असतात. मी येताजाता बघतो, बसलेत बरे, म्हणून पुढे जातो. हे बरोबर नाही.
संकल्प: बाबांना वेळ द्यायचा. टेस्टिंगला नेलं की वेळही दिला जाईल आणि टेस्टिंगही उरकेल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना विचारताना यातलं फक्त पहिलं सांग.

९ जून
बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले. रिसेप्शनपासून सगळ्यांना नमस्कार. स्क्रीनसमोर उभे राहिले, एका घरावर बोट ठेवलं. शेजारचं उघडलं. पुन्हा ठेवलं. तिसरंच उघडलं आणि लगेच मिटलं. एका वेळी दोन-दोन टच लागत होते. बाबा म्हणाले, माझंच काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, बाबा, माणूस चुकत नाही, डिझाइन चुकतं.
हे वाक्य मॅडमनी ऐकलं. बरं झालं.

१० जून
दोष सेन्सरचा. सप्लायरला मेल टाकली. कडक, पण सभ्य. दुसऱ्यांदा वाचल्यावर सभ्य भाग काढून टाकला.

१३ जून
सप्लायरचा माणूस येऊन गेला. कोपरा न् कोपरा तपासला. म्हणाला, स्क्रीन उत्तम आहे. मग जरा घुटमळला आणि विचारलं, टेस्टिंगला आलेल्या आजोबांचा हात थरथरतो का? मी म्हटलं, ते आजोबा घड्याळजी आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत असे स्क्रू त्यांनी जन्मभर बसवलेत. तो ओशाळला.
जेवताना सहज बघितलं. बाबांनी पाण्याचा ग्लास अर्धाच भरून घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. पंखा जोरात होता. थंडी वाजत असेल.

१४ जून
ताईचा फोन. ती परगावी राहते, पण लक्ष सगळं इकडे. म्हणाली, बाबांशी व्हिडिओ कॉल केला की चित्र हलतं. मी म्हटलं, नेटवर्क. ती म्हणाली, नेटवर्क गेलं की चित्र अडकतं, हलत नाही. पहिल्यापासून ही अशीच.
तिने परस्पर मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. २८ तारीख. न्यायचं मी. शब्द दिला. शब्द दिल्यावर एकदम हलकं वाटलं, जणू नेऊनच आणलं.

१७ जून
उपाय सापडला. नकाशावरची घरं मोठी केली. तरीही बाबांना जमेना. आणखी मोठी केली. गल्ल्या गेल्या, मग चौक गेले. संध्याकाळी मॅडम येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घरं दिसतायत, शहर कुठे गेलं? मी म्हटलं, ही मिनिमल दिशा आहे. त्या म्हणाल्या, उद्घाटन ५ जुलैला आहे, तोवर शहर परत आणा.

१९ जून
आमच्या प्रोग्रामर बाईंनी मार्ग काढला. बोट थरथरलं तरी त्यातली थरथर वजा करता येते म्हणे. हात जिथे जायला बघतोय तिथेच तो पोचला, असं स्क्रीनने धरून चालायचं. दिवसभरात करूनही टाकलं. प्रेझेंटेशनमध्ये मी त्याला 'आपुलकीचा टच' असं नाव दिलं. बाई म्हणाल्या, नाव काहीही द्या, पण वडिलांना डॉक्टरकडे न्या. म्हटलं, वेळ घेतलीय. घेतलीच आहे. ताईने.

२१ जून
बाबांनी बोट ठेवलं आणि बरोबर घर उघडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा बरोबर. एकामागून एक अख्खी गल्ली उघडली त्यांनी. सगळ्या घरांतली माणसं एकदम बोलायला लागली आणि बाबा हसले. आई गेल्यापासून असे हसलेले बघितले नव्हते.
मग हात उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, सुटला वाटतं. रिकामा बसून आखडला होता, कामाला लागला तसा वळणावर आला.
मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मॅडमनी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी सांगणं बरं दिसलं नसतं. उद्या सांगायचं.

२२ जून
रविवार. रविवारी कशाला?

२४ जून
बाबा म्हणाले, डॉक्टरची वेळ रद्द कर, कुणा गरजूला मिळेल. मी म्हटलं, दाखवून तर घेऊ. ते म्हणाले, काय दाखवू, हात? आणि हात पुढे केला. थरथरत होता. त्यांना ते दिसत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.
वेळ रद्द केली.
माणसाचा आत्मविश्वास ही मोठी गोष्ट आहे. ताईला कळवलं नाही, ती उगाच काळजी करते. विचारलंच तर सांगायचं, पुढे ढकलली. किती पुढे ते सांगायला नको, म्हणजे खोटंही होत नाही.

२८ जून
आज लवकर घरी आलो. बाबा टेबलाशी बसले होते, डोळ्याला भिंग. समोर आईचं मनगटी घड्याळ, उघडलेलं. ती गेल्यानंतर ते बंद पडलं होतं. बाबांनी इतके दिवस त्याला हात लावला नव्हता. आज म्हणे हात चालतोय तर करून टाकू, म्हणून बसले.
चिमटा निसटला. आतली केसासारखी स्प्रिंग वाकली आणि तुटली. ती आता कुठे मिळत नाही, बाबांनीच सांगितलं. मग भिंग काढून विचारलं, तिकडे तुझ्या ऑफिसात हलत नाही, मग इथे कसा हलला?
मी म्हटलं, इथे उजेड कमी आहे.
बाबांनी मान हलवली. त्यांना पटलं. माझ्यावर त्यांचा पहिल्यापासून फार विश्वास. बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. आज २८ तारीख आहे, हे तिच्याही लक्षात होतं.

२९ जून
टेबल लॅम्प आणला. चांगल्यातला चांगला. बायको म्हणाली, छान आहे, पण बाबांना तो लावता येतो का बघ, बटण बारीक आहे.
बघितलं नाही. बाबांनी लॅम्प पुसून कोपऱ्यात ठेवला. घड्याळ रुमालात गुंडाळून कपाटात गेलं. मला म्हणाले, उगाच खर्च केलास.
संकल्प: उद्घाटन झालं की त्याच संध्याकाळी बाबांना सगळं सांगायचं. बसवून, शांतपणे. काय बोलायचं ते मनात ठरवलं. सुरुवात चांगली जमलीय. पुढचं जमत नाही.

५ जुलै
उद्घाटन. हॉल भरलेला. बाबा पहिल्या रांगेत, तोच कडक इस्त्रीचा शर्ट. बायको शेजारी.
मॅडमनी माईक हातात घेतला. इतर बरंच बोलल्या. मग म्हणाल्या, ज्यांचा हात थरथरतो त्यांनी इथे संकोच करू नये, आमची स्क्रीन ती थरथर पोटात घालते. तुमचा हात हलला तरी ती तुम्हाला जाणवूसुद्धा देत नाही. आणि हे सगळं सुचलं आमच्या डिझायनरच्या वडिलांमुळे, ते आज इथे आले आहेत.
सगळे वळून बघायला लागले. टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या, जरा उशिरा. मग उजवा हात खिशात घातला.
मॅडमनी त्यांना पहिलं घर उघडायला बोलावलं. गेले. हात खिशातून काढला, बोट ठेवलं, घर उघडलं, आतली माणसं बोलायला लागली. बाबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. हाताकडे बघत होते.
परत येताना गाडीत म्हणाले, काम छान झालंय. मी म्हटलं, बाबा, मी आज सांगणारच होतो. ते म्हणाले, सिग्नल सुटलाय बघ.
मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या.

६ जुलै
ताईला फोन करून सगळं सांगितलं. घड्याळाचंही. ती ओरडेल म्हणून फोन कानापासून लांब धरला होता. ओरडली नाही. घड्याळ कुठे ठेवलंय ते विचारलं. मग म्हणाली, नवी वेळ मी घेते, तू फक्त गाडी चालव.

८ जुलै
वर्तमानपत्रात स्क्रीनचा फोटो. मॅडमनी कात्रण पाठवलं. बाबांना दाखवायला गेलो. शर्टाची बटणं लावत होते. मी पुढे झालो. म्हणाले, लागतात रे, जरा वेळ लागतो. थांबलो. खरंच लागली. तोवर मी कात्रण मागे धरून उभा.

११ जुलै, दुपार
डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाई आहेत, शांत बोलतात. बाबांना एक ओळ लिहायला लावली, ग्लास उचलायला लावला, बोट नाकाला लावायला लावलं. म्हणाल्या, औषधाने पुष्कळ आटोक्यात येईल, पूर्ण जाणार नाही. मग विचारलं, हे कधीपासून? बाबा म्हणाले, वर्ष झालं असेल. डॉक्टर म्हणाल्या, मग आधी का नाही आलात?
मी खुर्चीत पुढे सरकलो. ठरवलेली सुरुवात ओठांवर आली होती.
माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, मीच टाळत होतो, मुलगा मागे लागला म्हणून आलो.
डॉक्टर माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, चांगलं केलंत.
मी थँक यू म्हटलं.