क्रीटमधला डबल बेड

७ मे २००७, सोमवार

आज दोन मुलं आली आणि पंधरा मिनिटं आमच्या ट्रॅव्हल ऑफिसच्या भिंतीवरचा ताजमहाल बघत उभी राहिली! डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात पार्किंग मिळवून पोस्टर बघायला कोण येतं? एक यश, नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. दुसरा शार्दूल, पीएचडी करतोय. जूनमध्ये क्रीटला जायचंय— ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट. हॉटेल माझ्याकडून बुक करून हवं.

मी म्हटलं, अरे, हल्ली सगळे इंटरनेटवर करतात. माझ्याकडे फक्त देशातून येणाऱ्या आईवडिलांची तिकिटं उरलीत. यश म्हणाला, "काकू, गेल्या वर्षी केलं होतं इंटरनेटवर. काउंटरवरच्या माणसाने आम्हाला बघितलं आणि म्हणाला, रूमच नाहीये." मग परत ताजमहाल.

शेवटी मीच फॉर्म पुढे सरकवला. त्यात 'स्पेशल रिक्वेस्ट' असा रकाना आहे. लोक लिहितात— जैन जेवण, व्हीलचेअर. आया धडधाकट असतात हो! पण इंग्रजी येत नाही, आणि खुर्ची ढकलणारा बरोबर गेटपर्यंत नेऊन सोडतो. यशला म्हटलं, लाजतोस काय, लिही. त्याने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग एकदम बोलूनच टाकलं— "काकू, आम्ही कपल आहोत. तिथे कोणी अपमान करायला नको. बस."

"बरं," मी म्हटलं. "व्हेज की नॉनव्हेज?"

शार्दूल इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. दीपाने कॉम्प्युटरमागून मान वर केली नाही. तिकिटं ती काढते, तोंड मी चालवते. सतरा वर्षं असंच चाललंय, ऑफिसात आणि घरीही.

९ मे, बुधवार

विमानाने दोन तासांवरच्या पार्सिपनीहून राजेशचा फोन. राजेश म्हणजे दीपाचा भाचा. बायकोला सातवा महिना लागलाय. "आत्या, आता कायमची इकडेच ये. एकटी किती दिवस राहणार?"

एकटी! मग मी कोण, फ्रिज?

दीपा मला म्हणाली, "तीस जूनचं वन-वे बघ. आणि तिकीट तू काढ." मी! जन्मात कधी काढलं नाही, तो कीबोर्ड तिचा आहे. म्हटलं, काढते की. जा. माझं काय अडलंय!

१० मे, गुरुवार

अडतं. सकाळचा चहा तीच करते.

११ मे, शुक्रवार

सकाळी सातला ऑफिस उघडलं. तेव्हा तिकडे दुपारचे तीन. हॉटेलांना फोन सुरू. पहिला म्हणाला, दोन पुरुष? दोन पलंग देतो. म्हटलं, दोन नको, एक. तो म्हणाला, दोनच बरे, पाठ दुखत नाही. दुसऱ्याने फोन आपटला. तिसऱ्या ठिकाणची पोरगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे उन्हाळ्यात निम्मं हॉटेल तसंच असतं, पण जूनभर फुल्ल!" मग कशाला सांगतेस गं?

चौथ्याला वाटलं त्यातला एक माझाच मुलगा आहे. धीर द्यायला लागला मला! अर्धा तास गेला.

दीपाचं तिकीट काढलं नाही. तिला सांगितलं, मंगळवारी भाव उतरतात. तिला! जी ह्या धंद्यात पंचवीस वर्षं आहे!

१५ मे, मंगळवार

सतरावा फोन लागला! खानिया म्हणून गाव आहे क्रीटमध्ये, बंदराजवळ. इरिनी नावाची बाई, नऊ खोल्यांचं हॉटेल. मी नेहमीचा पाढा म्हटला— दोन मुलं, कपल, एक पलंग, अपमान नको. ती म्हणाली, "मुलं जेवतात ना नीट? न जेवणाऱ्यांना मी ठेवत नाही." जमलं आमचं.

मग विचारते, तू एकटीच चालवतेस का ऑफिस? म्हटलं, नाही, दीपा आहे. "दीपा कोण?" मी म्हटलं, बिझनेस पार्टनर. मग म्हटलं, एकाच घरात राहतो. मग म्हटलं, मैत्रीण. बाई नुसती "हं" म्हणाली. माझे कान तापले. जैन जेवणापासून व्हीलचेअरपर्यंत सगळं इंग्रजीत धडाधड सांगणारी मी, आणि एवढ्याशा प्रश्नाला अडखळले!

दीपा समोर बसून स्टेपलरमध्ये पिना भरत होती. भरलेल्या स्टेपलरमध्ये.

१९ मे, शनिवार

राजेश कॉन्फरन्सला आलाय, दोन दिवस आमच्याकडे. म्हणून काल 'दीपाची खोली' मोकळी केली. कोणी येतं तेव्हाच ती दीपाची खोली होते, एरवी त्या पलंगावर ब्रोशर झोपतात. थायलंड खाली, युरोप वर.

जेवताना राजेश म्हणाला, "आसावरी मावशी, आत्या गेल्यावर तुम्ही एखादी पीजी ठेवा ना, सोबत होईल." मी त्याला वरण वाढलं. परत वाढलं. ताटातून सांडेपर्यंत वाढलं.

८ जून, शुक्रवार

पोरं उद्या निघणार. व्हिसा, शिक्के, कागद तीन-तीनदा बघितले. शार्दूल वाकून नमस्कार करायला लागला तर दीपाने त्याला वरच्या वर धरलं आणि म्हणाली, "मजा करा." तिच्या तोंडून तीन आठवड्यांत निघालेला हा सर्वांत लांब संवाद.

मंगळवार चार झाले. तिकीट अजून काढलं नाही.

२३ जून, शनिवार

पोरं आली! काळी ठिक्कर पडून. यशचं वजन वाढलंय, इरिनीने सोडलं नाही. फोटो दाखवले. बंदरावर दोघं हातात हात घालून चाललीत, मागे माणसंच माणसं, आणि कोणी बघतसुद्धा नाही. यश म्हणाला, "काकू, पहिल्या दिवशी दर पाच मिनिटांनी मागे वळून बघत होतो. तिसऱ्या दिवशी विसरलोच."

दीपाने तो फोटो हातात घेतला तो खालीच ठेवेना. शेवटी यश म्हणाला, "ठेवा काकू तुम्हाला."

२४ जून, रविवार

आज भांडण. भांडी घासता घासता. मीच सुरुवात केली, म्हटलं, उद्या नक्की काढते तुझं तिकीट. ती नळ बंद करून म्हणाली, "त्या पोरांसाठी सतरा फोन केलेस. माझ्यासाठी एक शब्द निघाला नाही तुझ्या तोंडातून. 'जाऊ नकोस' एवढंही नाही."

मी म्हटलं, अगं, तुला माहीतच आहे की!

"मला माहीत आहे. तुला म्हणता येतं का ते बघत होते."

आणि जाऊन ब्रोशरांच्या खोलीत झोपली. भर दुपारी! मला रडू आलं. वर भांडीही माझ्याच वाट्याला.

२५ जून, सोमवार

चहा मीच केला. दोघींनी ओतून टाकला.

२६ जून, मंगळवार

सकाळी सात. इरिनीला फोन लावला. "परत दोन मुलं?" म्हटलं, नाही, दोन बायका, सप्टेंबर, एक पलंग. एक मी. दुसरी दीपा— सतरा वर्षं माझ्याबरोबर संसार करते ती, आणि मला तिच्याशिवाय जमत नाही. फोन ठेवून वळले तर दारात दीपा, खांद्याला पर्स, कधीची उभी होती कोण जाणे. डोळे पुसले, पर्स ठेवली, कॉम्प्युटर चालू केला. म्हणाली, "पार्सिपनीला बारशापुरती जाऊन येईन. आणि तिकडे खिडकीकडची बाजू माझी."