गाऱ्हाण्याएवढा वेळ

मी रघुवीर भिकाजी परब, वेधशाळेचा पेन्शनर, राहणार फणसवाडी, गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. तापट आहे, पण तापट म्हणजे भ्रमिष्ट नव्हे, आणि कोर्टात कोणी तसं म्हणालाच तर त्याचं थोबाड रंगवायला मी नसेन, एवढंच दुःख. जबरदस्ती कोणाची नाही. अक्षर वाकडं आहे, कारण उजवा हात कोपरात वाकडा आहे. तो कोणी मोडला ते पुढे येईल.

कलम १. मी अविवाहित. सख्खा भाऊ एकच, धाकटा गुणाजी, कोकणच्या आगबोटीवर खलाशी. खोलीचा भाडेहक्क त्याची बायको सुभद्रा हिला. त्याला नाही. तो इथे राहील तर तिच्या मर्जीने राहील.

कलम २. पितळी पातेलं गुणाजीला. कडेला पोचा आहे तो त्याच्याच दातांचा. कल्हई करून घ्यावी, पोचा काढू नये.

कलम ३. भिंतीवरचं हवेचा दाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र. हे कोणाला, ते शेवटी. आधी ते काय करतं ते ऐका. हवा घटकेत चिडते, घटकेत निवते. समुद्राचं तसं नाही. त्याचं पाणी एकदा तापलं की ती ऊब तो वर्षानुवर्षं धरून बसतो, वरची हवा हलकी होत जाते आणि दाबाची सरासरी हळूहळू उतरते. पाणी निवत गेलं की ती परत चढते. हे ताडून बघायला दोघं लागतात. दाब मी बघायचो. गुणाजी बोटीवरून कॅनव्हासच्या बादलीने पाणी ओढून त्यात तापमापकाची नळी बुडवायचा आणि पारा कुठे थांबला ते घरी येऊन सांगायचा. आमचं सगळं आयुष्य यात गेलं.

त्याचं पाणी नेहमी इतरांपेक्षा थंड भरायचं. ऑफिसातला शामराव दात काढायचा, "परब, तुझा भाऊ बोटीवर बर्फ विकतो काय रे?" एकदा मी स्वतः बोटीवर गेलो. बघतो तर काय, बादली वर आली आणि हा हात जोडून गाऱ्हाणं घालतोय, "दर्यादेवा, माझ्या घरादाराक सांभाळ, माझ्या दत्तारामाक सांभाळ." बाकीचे खलाशी, "व्हय म्हाराजा!" तोवर ओल्या बादलीला वारा लागून पाणी गार! मी भर डेकवर त्याच्या कानाखाली आवाज काढला. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "दादा, मार. पण गाऱ्हाना घातल्याशिवाय मी दर्याच्या पाण्यात कायएक खुपसूचंय नाय."

नंतर माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. गाऱ्हाणं रोज तेच, शब्द तेच, म्हणून पाणी रोज तेवढंच निवायचं. चूक कायम होती, त्यामुळे चढउतार खरा होता. मग मी त्याला कधी टोकलं नाही.

कलम ४. छप्पन सालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात दत्ताराम गेला. गुणाजीचा एकुलता एक. आम्हा दोघांचा जुना दोस्त बुधाजी, त्याने त्याला हातगाडीवर घालून आणला, गाडीची फळी लाल झाली होती. स्मशानातून गुणाजी थेट माझ्या खोलीत आला आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. "तुका वादळ आधी कळता, आणि माझ्या झिलाक गोळी लागतली ह्या कळूक नाय?" त्याने यंत्रावर घाव घातला. मी हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला. डाव्या हाताने मी पातेलं हाणलं, त्याचे पुढचे दात जमिनीवर पडले. बुधाजी मध्ये पडला नसता तर आणखी एक प्रेत निघालं असतं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. पारा कुठे थांबला ते सुभद्रा येऊन सांगते. हरामखोराने बोलणं टाकलं, पाणी ओढणं टाकलं नाही.

पण त्या दिवसापासून त्याचं पाणी एकाएकी उबदार भरू लागलं. शामराव ओरडला, "समुद्र तापला!" मी दाब बघत राहिलो. वर्षं गेली, दाब होता तिथेच. समुद्र तापला नव्हता. मी सुभद्राला विचारलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावोजी, आता गाऱ्हाना नाय घालीत ते. बादली वर इली की नळी खुपसतत."

त्या दिवशी मी पहिल्यांदा दत्तारामसाठी रडलो.

कलम ५. यंत्र गुणाजीला. अट एकच. गुण्या, देवाला हात जोड असं मी म्हणत नाही, म्हणायला माझं तोंड नाही. शिव्या घाल. दर्याला घाल, सरकारला घाल, मला तर पोटभर घाल. पण बादली वर आली की गाऱ्हाण्याएवढा वेळ उभा राहून घाल आणि दत्तारामचं नाव होतं तिथे ते घे. मग नळी बुडव. हे जमत नसेल तर वरवंटा पाट्याजवळच आहे. या वेळी मध्ये घालायला माझा हात नसेल.

हे मृत्युपत्र बुधाजीने अमलात आणावं.

रघुवीर भिकाजी परब
फणसवाडी, गिरगाव, मुंबई. ता. ९ मार्च १९५९

साक्षीदार:
१. शामराव विठ्ठल राणे. यात मला काही मिळत नाही, ते बरोबरच आहे.
२. बुधाजी सोनू जाधव, डिलाईल रोड. वाचलं. गुणाजी खाली रस्त्यावर उभा आहे, वर यायला सांगतो.